‘टेल’ कुठे आणि ‘से’ कुठे: कोणाला सांगितलं ते आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावी करून भुसावळला कस्टमर केअरच्या नोकरीची तयारी करणाऱ्या एकाने आपली तीन वाक्यं दिली आहेत: ‘ही टोल्ड दॅट द ट्रेन इज लेट’, ‘शी सेड मी टू वेट’ आणि ‘आय टोल्ड टू माय सर’. तिन्ही वाक्यांखाली लाल रेघ आली आहे. ती का आली, आणि टेल या क्रियापदाचे एकूण उपयोग कोणते, असं विचारलं आहे.

तिन्ही वाक्यांतली चूक एकाच जागी आहे, क्रियापदाच्या लगेच पुढच्या शब्दात. टेलला आपल्यापुढे माणूस लागतो. मध्ये काही नको: ‘टेल मी’, ‘टोल्ड हिम’, ‘टोल्ड द कंडक्टर’. सेला माणूस लागत नाही, आणि आणायचाच असेल तर मध्ये ‘टू’ घालावा लागतो: ‘सेड टू मी’. म्हणून पहिलं वाक्य एकतर ‘ही टोल्ड मी दॅट द ट्रेन वॉज लेट’ होईल, नाहीतर ‘ही सेड दॅट द ट्रेन वॉज लेट’. दुसरं ‘शी टोल्ड मी टू वेट’. तिसरं ‘आय टोल्ड माय टीचर’. ‘माय सर’ आपल्याकडे सर्रास चालतं. पण परदेशी ग्राहकाशी बोलताना ‘सर’ हे संबोधन आहे, नातं नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

ही चूक इंग्रजी कच्चं असल्यामुळे होत नाही, मराठी पक्कं असल्यामुळे होते. ‘त्याने सांगितलं की गाडी उशिरा आहे’ हे वाक्य मराठीत पूर्ण आहे. कोणाला सांगितलं हे कुणी विचारत नाही, संदर्भातून कळतं. ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं की ‘ही टोल्ड दॅट’ तयार होतं आणि माणसाची जागा रिकामी राहते. उलट माणूस आणला तर त्याला ‘ला’ लावून आणतो. आपल्या खानदेशातल्या अहिराणी बोलीत ‘माले सांग’, लेवा गणबोलीत ‘मले सांग’, पुस्तकी मराठीत ‘मला सांग’. त्या ‘ले’ची किंवा ‘ला’ची भरपाई म्हणून ‘टू’ येतो आणि ‘टेल टू मी’ होतं. इंग्रजीत ‘मी’, ‘हिम’, ‘हर’, ‘देम’ या रूपांत तो ‘ला’ आधीच मुरलेला आहे, वर आणखी टू नको.

बोलायच्या आधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: कोणाला? उत्तर वाक्यात द्यायचं असेल तर टेल, द्यायचं नसेल तर से. दहापैकी आठ-नऊ वाक्यं एवढ्यावर सुटतात. उरलेल्यांसाठी पुढचं वाचा.

टेलची वाक्यं मुख्यतः पाच साच्यांत बसतात, आणि पाचांतही माणूस टेलच्या लगेच पुढच्या जागेवरच असतो. पहिला साचा, माणूस आणि वस्तू: ‘टेल मी युअर नेम’, ‘शी टोल्ड अस द प्राइस’. दुसरा, माणूस आणि दॅटचं उपवाक्य: ‘दे टोल्ड अस दॅट द ऑफिस वॉज क्लोज्ड’, यातला दॅट बोलताना गाळला तरी चालतो. तिसरा, माणूस आणि टू लावलेलं क्रियापद, म्हणजे आज्ञा किंवा सूचना: ‘द डॉक्टर टोल्ड हिम टू रेस्ट’. इथे नकार करताना नॉट टूच्या आधी येतो, ‘टोल्ड हिम नॉट टू ड्राइव्ह’. ‘टोल्ड हिम डोन्ट ड्राइव्ह’ हे आपल्याकडे फार ऐकू येतं आणि चुकीचं आहे. चौथा, माणूस आणि अबाउट: ‘टेल अस अबाउट युअर व्हिलेज’. मुलाखतीत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ हे पहिलं वाक्य असतं ते याच साच्यातलं. मित्रासोबत सराव करताना ते ‘टेल मी युअरसेल्फ’ असं म्हणू नका. त्याचा अर्थ ‘तू स्वतः येऊन मला सांग, दुसऱ्याकरवी नको’ असा होतो.

पाचवा साचा सर्वात जास्त चुकतो. माणूस आणि प्रश्नार्थक शब्द. ‘टेल मी व्हेअर इज द बस स्टँड’ हे चूक, ‘टेल मी व्हेअर द बस स्टँड इज’ हे बरोबर. प्रश्न टेलच्या पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, साधं विधान होतं, म्हणून क्रियापद पुन्हा कर्त्याच्या मागे जातं. ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ तर पूर्ण गळून पडतात: ‘टेल मी व्हॉट ही वॉन्ट्स’, ‘टेल मी व्हॉट डज ही वॉन्ट’ नव्हे. फोनवर दिवसभर ‘कुड यू प्लीज टेल मी...’ म्हणायचं असेल, तर या साच्याची दहा-बारा वाक्यं तोंडपाठच करा. नाव, ऑर्डर नंबर, पत्ता, वस्तू कधी घेतली, बिघाड कधी सुरू झाला, दिवा लागतो का. शेवटच्यासारख्या हो-नाहीच्या प्रश्नांना ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ लागतो: ‘कुड यू टेल मी इफ द लाइट इज ऑन?’

माणूस मागे ढकलून टू आणायची परवानगी फक्त एका ठिकाणी आहे. आधी वस्तू सांगून टाकली असेल तर: ‘शी टोल्ड द स्टोरी टू द चिल्ड्रन’. वस्तू आधी, मग टू, मग माणूस. वस्तू नसताना टू आला की चूक झालीच म्हणून समजा.

सेच्या घरात आणखी काही क्रियापदं राहतात, त्यांची ओळख इथेच करून घ्या. ‘एक्सप्लेन’, ‘सजेस्ट’, ‘मेन्शन’, ‘अनाउन्स’ ही सगळी सेसारखी वागतात, माणसाआधी टू मागतात. ‘एक्सप्लेन मी’ आणि ‘सजेस्ट मी’ हे आपल्याकडचे दोन ठरलेले दगड आहेत, वाटेने जाणारा प्रत्येक जण त्यांना अडखळतो. ‘एक्सप्लेन इट टू मी’ म्हणा. ‘इन्फॉर्म’, ‘रिमाइंड’, ‘वॉर्न’, ‘अॅडव्हाइज’ ही मात्र टेलच्या बाजूची, लगेच माणूस घेणारी. वर्गातल्या फळ्यावर हे दोन कप्पे करून लिहिले तर वर्षभराचं काम होतं.

आता माणसाशिवाय चालणारे टेल. हे मोजकेच आहेत आणि पाठ करण्यावाचून इलाज नाही: ‘टेल द ट्रुथ’, ‘टेल अ लाय’, ‘टेल अ स्टोरी’, ‘टेल अ जोक’, ‘टेल अ सिक्रेट’, ‘टेल द टाइम’, ‘टेल द डिफरन्स’, ‘टेल फॉर्च्युन्स’. खोटं आणि खरं दोन्ही टेलकडे गेलं आहे. ‘से द ट्रुथ’, ‘स्पीक अ लाय’ म्हणू नका. ‘स्पीक द ट्रुथ’ इंग्रजीत आहे, पण तो भाषणातला चढा सूर आहे. सेकडे काय गेलं? ‘से हॅलो’, ‘से सॉरी’, ‘से थँक यू’, ‘से यस’, ‘से नो’, ‘से नथिंग’, ‘से अ फ्यू वर्ड्स’, ‘से अ प्रेयर’. थोडक्यात, तोंडातून जसाच्या तसा निघणारा शब्द सेचा. म्हणून ‘टेल हिम हॅलो’ ऐवजी ‘से हॅलो टू हिम’ हे नेहमी सुरक्षित.

‘टेल द टाइम’बद्दल एक बारीक गोष्ट. घड्याळ वाचता येणं म्हणजे ‘टेल द टाइम’. लहान मुलं ते शिकतात. रस्त्यात कुणाला किती वाजले विचारायचं असेल तर ‘कुड यू टेल मी द टाइम?’ म्हणा. आणि ‘डॉक्टरांनी पाचची वेळ सांगितली’ यातल्या ‘वेळ’चा त्याच्याशी संबंध नाही. ते ‘द डॉक्टर गेव्ह मी अॅन अपॉइंटमेंट अॅट फाइव्ह’.

इथून खरी गुंतागुंत सुरू होते, कारण मराठीतला ‘सांगणे’ टेलपेक्षा खूप मोठा आहे. शब्दकोशात दोघं समोरासमोर उभे दिसतात, पण रोजच्या बोलण्यात ‘सांगणे’ अशा वीस ठिकाणी जातो जिथे टेलला दार बंद आहे.

टपरीवर ‘दोन चहा सांग’ म्हणतो तेव्हा तिथे ऑर्डर आहे: ‘ऑर्डर टू टीज’. ‘मी चहा सांगितला’ म्हणजे ‘आय ऑर्डर्ड टी’. ‘आय टोल्ड टी’ ऐकून समोरचा गोंधळेलच. रावेरच्या केळी व्यापाऱ्याने क्विंटलला अठराशेचा भाव सांगितला, तर ‘ही कोटेड एटीन हंड्रेड अ क्विंटल’. भाव विचारला आणि त्याने नुसती माहिती दिली, तर ‘ही टोल्ड मी द रेट’ही चालेल, पण सौदा चालू असेल तर कोटच हवा. कारण सांगणे म्हणजे ‘गिव्ह अ रीझन’. उदाहरण सांगणे, ‘गिव्ह अॅन एक्झाम्पल’. मत सांगणे, ‘गिव्ह अॅन ओपिनियन’. निरोप सांगणे, ‘पास ऑन अ मेसेज’ किंवा ‘गिव्ह समवन अ मेसेज’. हक्क सांगणे, ‘क्लेम’. मुलीला स्थळ सांगून आलं, तर ‘अ प्रपोजल केम’. इथे टेलचं नावही काढायचं नाही.

याला साधी कसोटी आहे. मराठी ‘सांगणे’च्या जागी ‘देणे’ किंवा ‘मागणे’ बसवून बघा. ‘कारण दिलं’, ‘उदाहरण दिलं’, ‘मत दिलं’ बसतं, तिथे इंग्रजीत गिव्ह. ‘हक्क मागितला’, ‘चहा मागितला’ अर्थाला जवळ जातं, तिथे क्लेम किंवा ऑर्डर. दोन्ही बसत नसेल आणि माहितीच पोचवायची असेल, तरच टेल. कसोटी शंभर टक्के नाही, पण परीक्षेच्या घाईत उपयोगी पडते.

नोकरीत सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र व्याकरणाची नसते, सुराची असते. ‘साहेबांना फोन करायला सांग’ आणि ‘धाकट्याला फोन करायला सांग’ या दोन्हींत मराठी ‘सांग’ एकच आहे, आदर बाकीच्या शब्दांतून येतो. इंग्रजीत ‘टेल हिम टू कॉल मी’ ही आज्ञा आहे. वरच्याला, बरोबरीच्याला आणि ग्राहकाला उद्देशून ती वापरली की उद्धट वाटते. तिथे ‘आस्क’ हवा: ‘प्लीज आस्क हिम टू कॉल मी’. आस्कचा अर्थ ‘विचारणे’ एवढाच डोक्यात बसलेला असतो म्हणून हा उपयोग सुचत नाही. टू लावलेलं क्रियापद पुढे आलं की आस्क म्हणजे ‘करायची विनंती करणे’. ‘आय आस्क्ड माय फादर टू कम’ म्हणजे वडिलांना यायला सांगितलं, विनंतीच्या सुरात. ‘आय टोल्ड माय फादर टू कम’ यात मुलाने बापाला हुकूम सोडला असं ऐकणाऱ्याला वाटू शकतं. फक्त माहिती पोचवायची असेल तर तिसरी वाट आहे, ‘लेट समवन नो’. ‘मी उद्या येत नाही असं मॅडमना सांगा’ हे ‘कुड यू लेट मॅडम नो दॅट आय वोन्ट बी कमिंग टुमॉरो’ असं होतं. ईमेलमध्ये हीच वाट धरा.

फोन उचलल्यावर आपण ‘हं, बोला’ किंवा ‘सांगा’ म्हणतो. त्यातला आपलेपणा मराठीत आहे; ‘येस, टेल मी’ मध्ये तो पोचत नाही. भारतात हे चालून जातं, पण बाहेरच्या ग्राहकाला ते तोडून बोलल्यासारखं लागतं. ‘हाउ कॅन आय हेल्प यू?’ म्हणा, आणि ग्राहकाला बोलणं पुढे चालू ठेवायला सांगायचं असेल तर ‘येस, गो अहेड’. तसंच ‘मी सांगतोय ना तुम्हाला’ या अर्थाने ‘आय अॅम टेलिंग यू’ वापरू नका. इंग्रजीत त्या वाक्यात धमकीची किंवा वैतागाची छटा येते. त्याऐवजी ‘अॅज आय मेन्शन्ड’ हे मऊ पडतं. ‘तुला कोणी सांगितलं होतं?’ या रागाच्या प्रश्नाचं इंग्रजीही टेलनेच होतं, ‘हू टोल्ड यू टू डू दॅट?’, आणि तेही तितकंच झोंबतं, म्हणून ग्राहकासमोर नकोच.

आणखी एक सापळा. ‘आय कुडंट टेल यू’ याचा शब्दशः अर्थ ‘तुम्हाला सांगू शकलो नाही’ असा लागतो, पण रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ बहुधा ‘मला माहीत नाही’ एवढाच असतो. आणि ‘आय कान्ट टेल यू हाउ हॅपी आय अॅम’ यात काही लपवलेलं नाही. किती आनंद झाला ते शब्दांत मावत नाही, एवढंच.

परीक्षेकडे वळू. डायरेक्ट-इनडायरेक्टच्या प्रश्नात ‘सेड टू’ दिसलं की ‘टोल्ड’ करायचं, हा नियम क्लासमध्ये घोकून घेतात. तो निम्माच बरोबर आहे. आतलं वाक्य विधान असेल तरच टोल्ड. प्रश्न असेल तर ‘आस्क्ड’: ‘ही सेड टू मी, डू यू स्पीक अहिराणी?’ याचं ‘ही आस्क्ड मी इफ आय स्पोक अहिराणी’. आज्ञा असेल तर ‘टोल्ड... टू’, पण विनंती असेल तर ‘रिक्वेस्टेड’, सल्ला असेल तर ‘अॅडव्हाइज्ड’, हुकूम असेल तर ‘ऑर्डर्ड’. ‘लेट्स’ असेल तर ‘सजेस्टेड’. ‘गुड मॉर्निंग’ असेल तर ‘विश्ड’ किंवा ‘ग्रीटेड’. मनाईसाठी काही जण ‘फरबेड’ वापरतात. वापरा, पण मग नॉट काढा. ‘फरबेड हिम नॉट टू गो’ मध्ये दोन नकार होतात. सेडच्या पुढे माणूस नसेल तर टोल्ड करू नका, सेड तसाच राहू द्या. विद्यार्थी सेड दिसला की टोल्ड करतात आणि पुढे माणूस नाही म्हणून स्वतःच्या मनाने ‘मी’ घुसवतात. मूळ वाक्यात जो माणूस नाही, तो उत्तरात आणायचा नाही.

काळ एक पायरी मागे जातो हे सगळ्यांना येतं. कधी जात नाही, तिथे गुण जातात. कायमचं सत्य असेल तर वर्तमानकाळ तसाच राहतो: ‘अवर टीचर टोल्ड अस दॅट द तापी फ्लोज वेस्ट’. तापी आजही पश्चिमेलाच वाहते. बोलण्याचं क्रियापद वर्तमानात असेल, जसं ‘ही टेल्स मी’, तरीही आतला काळ हलत नाही. ‘टुडे’चा ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ हे परीक्षेच्या कागदावर करा. फोनवर मात्र आज सकाळी ऐकलेली आजचीच गोष्ट आज सांगताना ‘टुडे’ तसाच ठेवला तर ते जास्त नैसर्गिक.

कर्मणी वाक्यात टेल आणि से यांचे स्वभाव उघडे पडतात. टेलचा माणूस वाक्याच्या तोंडाशी येतो: ‘आय वॉज टोल्ड दॅट माय ऑर्डर हॅड लेफ्ट’, मला सांगण्यात आलं होतं. त्याचं ‘इट वॉज टोल्ड टू मी’ करू नका. हे सरकारी मराठीच्या पाट्यांवरून आलेलं इंग्रजी आहे. आणि ‘आय वॉज सेड’ तर होतच नाही, कारण सेला माणूस नाही. सेचं कर्मणी दोन तऱ्हांनी होतं: ‘इट इज सेड दॅट...’ म्हणजे असं म्हणतात की, आणि ‘ही इज सेड टू बी रिच’ म्हणजे तो श्रीमंत आहे असं म्हणतात. ‘आय अॅम टोल्ड’ हा शब्दप्रयोग सभ्य आहे, ‘असं कानावर आलंय’ या अर्थाने. कुणी सांगितलं ते झाकून ठेवता येतं.

पाटी, पत्र, वेळापत्रक, मीटर, लेबल या सगळ्यांना इंग्रजीत तोंड असतं आणि ते से वापरतात. स्टेशनवरच्या बोर्डावर ‘गाडी 6.40 ला’ असं लिहिलंय, तर ‘द बोर्ड सेज सिक्स फॉर्टी’. ‘इट इज रिटन ऑन द बोर्ड’ चुकीचं नाही, पण लांब आणि अवघडलेलं. माणूस आणला तर टेलही येतो: ‘द मीटर टेल्स यू हाउ मच पॉवर यू यूज्ड’. से शब्दाचा आणखी एक कामाचा उपयोग ‘समजा’ किंवा ‘उदाहरणार्थ’: ‘इफ यू बाय, से, टेन बॉक्सेस’. आणि ‘हॅव अ से’ म्हणजे निर्णयात शब्द असणे, ज्याला आपण ‘त्याच्या शब्दाला घरात किंमत आहे’ म्हणतो.

आता टेलचं दुसरं घराणं. इथे बोलण्याचा संबंध सुटतो आणि बहुतेक विद्यार्थी गोंधळतात. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘मोजणे’ असाही होता. जर्मन भाषेत मोजण्याचं आणि सांगण्याचं क्रियापद आजही एकाच मुळाचं आहे. त्या मोजणीच्या खुणा इंग्रजीत जागोजाग आहेत. बँकेत नोटा मोजणारा तो टेलर, आणि एटीएममधला टी म्हणजे तोच टेलर. कपडे शिवणारा टेलर वेगळा, त्याचा उच्चारही वेगळा. ‘ऑल टोल्ड’ म्हणजे सगळे धरून, एकूण: ‘ऑल टोल्ड, ट्वेल्व्ह पीपल केम’. ‘अनटोल्ड’ म्हणजे न सांगितलेलं, आणि अगणितही: ‘अनटोल्ड वेल्थ’. जपमाळ ओढण्यालाही ‘टेल वन्स बीड्स’ म्हणतात, कारण मणी मोजायचे असतात.

मोजणाऱ्याला वस्तू वेगळ्या ओळखाव्या लागतात, आणि टेलचा ‘ओळखणे, कळणे’ हा अर्थही त्याच बाजूचा. हा अर्थ बहुधा ‘कॅन’ किंवा ‘कुड’च्या सोबतीने येतो, तोंडाने काही सांगायचं नसतं. ‘आय कॅन टेल फ्रॉम युअर व्हॉइस दॅट यू आर टायर्ड’, आवाजावरून कळतंय. ‘हाउ कॅन यू टेल?’ म्हणजे ‘कशावरून?’, ‘कसं सांगू शकता?’ असा जाब नव्हे. ग्राहकाने हे विचारलं की काही नवखे गडबडून माफी मागू लागतात. तो फक्त खूण विचारतो आहे. दोन गोष्टींतला फरक ओळखायचा तर ‘टेल ए फ्रॉम बी’ किंवा ‘टेल देम अपार्ट’: ‘कॅन यू टेल अहिराणी फ्रॉम लेवा गणबोली?’ वर आलेले ‘माले’ आणि ‘मले’ ऐकून टेल करता येतं. भरताचं वांगं आणि भाजीचं वांगं टेल अपार्ट करायला जळगावच्या माणसाला शाळेत जावं लागत नाही. ‘देअर इज नो टेलिंग’ म्हणजे काही सांगता येत नाही, पावसासारखं.

याच घराण्यात आणखी एक अर्थ आहे, परिणाम दिसू लागणे. पुढे ‘ऑन’ येतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा ‘द हीट इज टेलिंग ऑन द वर्कर्स’ म्हणजे उन्हाचा मजुरांच्या अंगावर परिणाम दिसतोय. पण ‘ही टोल्ड ऑन मी’ म्हणजे त्याने माझी चुगली केली. कर्ता माणूस असेल तर चुगली, ऊन-वय-कामाचा ताण असा काही असेल तर परिणाम. ‘टेल ऑफ’ म्हणजे झापणे: ‘द मॅनेजर टोल्ड मी ऑफ’. ‘अ टेलिंग आर्ग्युमेंट’ म्हणजे वर्मी लागणारा मुद्दा. पत्त्यांच्या खेळात चेहऱ्यावरून पत्ते कसे आहेत हे उघड करणारी लकब असते, तिलाही नाम म्हणून ‘अ टेल’ म्हणतात.

काही तयार वाक्यं अशी आहेत की शब्दांवरून अर्थ लावला तर हमखास फसाल. ‘टेल मी अबाउट इट!’ ठसक्यात म्हटलं की ‘सांगा त्याबद्दल’ असा अर्थ होत नाही, ‘मला काय सांगता, मीही तेच भोगतोय’ असा होतो. लाइट गेल्याची तक्रार करणाऱ्या ग्राहकाने असं म्हटलं आणि तुम्ही सविस्तर माहिती सुरू केली, तर तो चकित होईल. ‘यू आर टेलिंग मी!’ त्याच जातीचं. ‘डोन्ट टेल मी...’ यात मनाई नाही, धास्ती आहे: ‘डोन्ट टेल मी यू लॉस्ट द रिसीट’, आता पावती हरवली असं नको म्हणूस! ‘आय टेल यू व्हॉट’ किंवा ‘टेल यू व्हॉट’ म्हणजे ‘असं करूया’, पुढे एखादा प्रस्ताव येतो. ‘समथिंग टेल्स मी’, मला वाटतंय, मन सांगतंय. ‘टाइम विल टेल’, काळच ठरवेल. ‘टू टेल द ट्रुथ’ आणि ‘ट्रुथ बी टोल्ड’, खरं सांगायचं तर. ‘आय टोल्ड यू सो’ म्हणजे ‘सांगितलं नव्हतं?’, आणि ते कोणत्याही भाषेत कुणालाच आवडत नाही. ‘सेज हू?’ यात मात्र से आहे, ‘कोण म्हणतं?’ अशा आव्हानाच्या सुरात.

स्पीक आणि टॉक यांच्यासाठी फार वेळ नको. स्पीकला भाषा लागते: ‘स्पीक मराठी’. फोनवर ‘मे आय स्पीक टू...’ हे ठरलेलं. टॉक म्हणजे दोघांनी मिळून बोलणं. दोघांपैकी कोणाच्याही पुढे दॅटचं उपवाक्य येत नाही. ‘ही स्पोक दॅट’ असं लिहिलं असेल तर तिथे सेच हवा होता.

उरला उच्चार, आणि फोनच्या कामात याला व्याकरणाइतकंच वजन आहे. मराठी ‘ए’ दीर्घ आहे, इंग्रजी टेलमधला ऱ्हस्व. तो ताणला की ऐकणाऱ्याला शेपूट या अर्थाचा ‘टेइल’ ऐकू येतो. तोंड किंचित जास्त उघडा आणि आवाज लवकर आटोपता घ्या. ‘सेज’चा उच्चार लिहिल्याप्रमाणे ‘सेयज’ नाही, आखूड ‘सेझ’ आहे. ‘सेड’ही आखूडच. टोल्ड एका झटक्यात, ‘टोलड’ असा दोन भागांत नको.

स्वतः बोलताना शब्द सुटे ठेवा, पण ऐकताना ते जोडून येणार हे धरून चला. ‘टेल हिम’ हे ‘टेलिम’ ऐकू येतं, ‘टेल देम’ हे ‘टेलेम’. ‘टेल हर’ तर हुबेहूब ‘टेलर’ होतं, तेव्हा ग्राहक बँकेच्या कॅशियरबद्दल बोलतोय की बायकोला निरोप द्यायला सांगतोय, हे आसपासच्या शब्दांवरून लावा. ‘टोल्ड मी’मधला ड जवळजवळ नाहीसा होऊन ‘टोल्मी’ राहतं, ‘टोल्ड यू’ घाईत ‘टोल्जू’ होतं. ड ऐकू आला नाही म्हणून वर्तमानकाळ समजू नका. टेल आणि टोल्ड यांतला फरक आधीच्या स्वरात आहे, कान तिथे लावा. सरावासाठी रेकॉर्ड केलेली बातमी लावून दर वेळी टोल्ड किंवा सेड आलं की थांबवा आणि पुढचा शब्द माणूस आहे की नाही तेवढंच तपासा. बातम्यांत सेड जास्त सापडेल, कारण बातमीदाराला कोण म्हणालं हे हवं असतं. ‘टोल्ड रिपोर्टर्स’ आलं की ऐकणारे कोण होते ते लगेच पुढे येतं.